डिस्चार्ज बुकातलं नाव
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू फौजेतला माणूस, फौजेच्या चार गोष्टी सांग." बर्फ, बंकर, बॉर्डर अशा गोष्टी लोकांना आवडतात. पण खरं सांगायचं तर मी क्लार्क होतो. २६ वर्षांच्या नोकरीतली बरीच वर्षं टाइपरायटर, फाइल आणि रजिस्टर यांच्यात गेली. शेवटची काही वर्षं तर रेकॉर्ड ऑफिसातच काढली. त्यामुळे माझ्याकडे बंदुकीच्या कमी आणि कागदाच्या गोष्टी जास्त आहेत. आज कागदाचीच गोष्ट सांगतो. ती आपल्या वर्गातल्या एकाची आहे.

मी कुणाबद्दल बोलतोय ते तुम्हाला लगेच कळेल. वर्गात सगळ्यात उंच, शेवटच्या बाकावरचा, कबड्डीत ज्याला धरायला तिघे लागायचे तो. १९७८ ला भरती झाला, १५ वर्षं पूर्ण करून १९९३ ला पेन्शन आला, आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये हृदयविकाराने गेला. वहिनी म्हणाल्या, नाव घेतलंत तरी चालेल. पण हे भाषण स्मरणिकेत छापलं जाणार आहे, म्हणून नाव घेत नाही.

तेराव्यानंतर महिनाभराने वहिनी बँकेत गेल्या. सोबत मृत्यूचा दाखला, पीपीओ, आधार, पासबुक सगळं होतं. पीपीओ म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर. पेन्शनरच्या घरात सातबाऱ्याइतकाच मोलाचा कागद. त्यात पेन्शनरच्या नावाखाली पत्नीचंही नाव असतं, म्हणजे तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन कुणाला द्यायचं हे आधीच ठरलेलं असतं. बँकेतल्या माणसाने पीपीओ बघितला, आधार बघितलं, आणि म्हणाला, "बाई, हे नाव तुमचं नाही."

नाव वहिनींचंच होतं, पण माहेरचं.

इथे बसलेल्या किती जणींची नावं लग्नात बदलली? हात वर करायला सांगत नाही, पण निम्म्याहून जास्त असतील. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीने नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. घरादाराला ते नाव कळतं. पल्टनीला कळत नाही. आपला मित्र १९८३ च्या मे महिन्यात लग्नाच्या सुट्टीवर आला आणि परत जाताना सरपंचांचा दाखला घेऊन गेला. सरपंच वहिनींच्या गावचे. त्यांनी त्यांच्या गावच्या पोरीचं जे नाव माहीत होतं ते लिहिलं. पल्टनीच्या क्लार्कने त्यावरून पार्ट टू ऑर्डर काढली. पार्ट टू ऑर्डर म्हणजे लग्न, मुलांचे जन्म, बदली, बढती असं जे काही जवानाच्या आयुष्यात घडतं त्याची अधिकृत नोंद. तीच नोंद रेकॉर्ड ऑफिसात शीट रोलवर चढली, तिथून डिस्चार्ज बुकात आली आणि तिथून पीपीओत. तिन्ही ठिकाणी तेच माहेरचं नाव. कुणीही खोटं लिहिलं नव्हतं. आणि ३४ वर्षं कुणाचं काही अडलंही नव्हतं, कारण पेन्शन त्याच्या नावाने येत होती.

बँकेने अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडे पाठवायला सांगितला. कुठल्या रेकॉर्ड ऑफिसकडे ते इथे महत्त्वाचं नाही. प्रत्येक पल्टनीचं, प्रत्येक कोअरचं वेगळं असतं. मराठ्यांचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नलचं जबलपूरला. आपल्याकडे अजूनही लोक सगळे कागद घेऊन "बेळगावला जातो" म्हणून निघतात आणि माणूस असतो तोफखान्यातला. असो.

चार महिन्यांनी रेकॉर्डचं उत्तर आलं, इंग्रजीत. वहिनींनी ते मुलाकडून वाचून घेतलं आणि दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यात लिहिलं होतं ते साध्या भाषेत असं: आमच्या नोंदीप्रमाणे तुमच्या पतीची पत्नी अमुक आहे. तुमचं नाव तमुक आहे. तेव्हा पहिल्या पत्नीच्या मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा पाठवा, तसंच दुसऱ्या लग्नाची नोंद कधी झाली ते कळवा.

म्हणजे त्या बाईने स्वतःच्याच मृत्यूचा दाखला आणायचा, किंवा स्वतःपासून घटस्फोट झाल्याचा.

मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेलो आहे, म्हणून एक सांगतो. ते पत्र लिहिणारा माणूस दुष्ट नव्हता. त्याच्यासमोर दोन बायकांची नावं होती. फौजेत खरोखरच दोन-दोन संसारांच्या भानगडी निघतात, आणि मग खऱ्या विधवेचं पेन्शन भलतीच घेऊन जाते. त्याला कागद सोडून दुसरं काही दिसत नाही आणि दिसूही नये. पण ते पत्र ज्या घरात उघडलं जातं तिथे काय होतं, हेही त्याला दिसत नाही. गावात कुजबुज सुरू झाली की त्याची पहिली बायको तिकडे पंजाबात होती म्हणे. वहिनींची सून तेव्हा नवीन होती. तिच्या माहेरपर्यंत ही गोष्ट गेली.

तोपर्यंत घरातला खर्च कसा चालला ते मी सांगत नाही. पेन्शन बंद, कुटुंब निवृत्तिवेतन सुरू नाही, ईसीएचएसच्या कार्डाचीही तीच अडचण. आणि शुगरच्या गोळ्या रोज लागतात.

मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्याकडे तीन जाडजूड फाइली होत्या. गावातल्या एका एजंटाने पाच प्रतिज्ञापत्रं करून घेतली होती. प्रत्येकात एकच वाक्य, की दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे. वर त्याने मिळणाऱ्या थकबाकीत वाटाही ठरवून घेतला होता. प्रतिज्ञापत्र लागतंच, त्याला नाही म्हणत नाही. पण रेकॉर्डमधला माणूस विचार करतो की हे नवरा मेल्यानंतर केलेलं आहे, पैशासाठी केलेलं आहे. त्याला हवा असतो भांडण सुरू होण्याच्या आधीचा कागद, ज्यावर दोन्ही नावं एकाच ओळीत आहेत. असा एक कागद पन्नास प्रतिज्ञापत्रांना भारी पडतो.

मग आम्ही शोधायला लागलो. वहिनी चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव सापडलं, वडिलांचं नाव, जन्मतारीख १ जून. (इथे सर हसतायत. आपल्या वर्गातल्या निम्म्यांचे वाढदिवस १ जूनलाच का येतात, याचं उत्तर त्यांच्याकडेच आहे.) पण त्यात फक्त माहेरचं नाव. मुलांचे जन्मदाखले ग्रामपंचायतीत मिळाले. त्यात आई म्हणून फक्त सासरचं नाव. एक काठ इकडे, एक काठ तिकडे, मधे पूल नाही.

पूल सापडला तो तहसील कचेरीच्या शेजारी, दुय्यम निबंधकांकडे. १९९८ मध्ये वहिनींचे वडील गेल्यावर भावांनी तिन्ही बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेतलं होतं. आपल्याकडे हे कसं होतं ते माहीत आहेच. साडी-चोळी, एक वेळचं जेवण, आणि बहिणीने जमिनीवरचा हक्क सोडला. त्या नोंदणीकृत दस्तात लेखकाने शिस्तीत लिहिलं होतं: सौ. अमुक, भ्रतार तमुक, माहेरचे नाव कुमारी अमुक, मयताची मुलगी. खाली वहिनींचा अंगठा, दोन साक्षीदार, निबंधकाचा शिक्का. नवऱ्याचं संपूर्ण नाव आणि पुढे "नोकरी सैन्यदल, सेवानिवृत्त".

वहिनी तो कागद बघून म्हणाल्या, "भाऊजी, ह्याच कागदानं माझं तीस गुंठं गेलं." मी काही बोललो नाही. त्याच कागदावर पुढे त्यांचं पेन्शन सुरू झालं, हेही तितकंच खरं.

लग्नाच्या तारखेसाठी आणखी एक पुरावा लागत होता. लग्नपत्रिका कुणाकडेच नव्हती. १९८३ ची पत्रिका कोण ठेवतो? मी सहज सरांना फोन केला. सर म्हणाले, "ये, ट्रंक उघडू." तुम्हाला माहीत नसेल, पण सरांनी आपल्या सगळ्यांच्या लग्नपत्रिका बॅचप्रमाणे सुतळीने बांधून ठेवल्यात. ७६ च्या गठ्ठ्यात ती निघाली. गणपतीचं चित्र, वधूचं माहेरचं नाव, वराचं नाव आणि कंसात "भारतीय सेना". पत्रिकेला कायद्यात फार किंमत नाही. पण हक्कसोडपत्राच्या सोबत ती लावली तेव्हा नवरा, बायको, गाव, तारीख सगळं जुळलं. लग्नाला हजर असलेल्या आपल्यापैकी दोघांनी स्वतःच्या नावाने प्रतिज्ञापत्रं दिली. ते दोघे इथेच बसलेत.

सगळं बाड जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलं. (जुनी माणसं अजून सैनिक बोर्डच म्हणतात.) सोबत मी एक पानाचं पत्र जोडलं. त्यात कुठलीही विनवणी नाही. कुठला कागद कोणती गोष्ट सिद्ध करतो, एवढंच क्रमाने. रेकॉर्डने आणखी दोनदा विचारणा केली, एकदा फोटोसाठी आणि एकदा सरपंचाच्या दाखल्यावर जावक क्रमांक नव्हता म्हणून. शेवटी नोंद दुरुस्त झाली, ती प्रयागराजला पेन्शनच्या कार्यालयाकडे गेली आणि तिथून दुरुस्तीचा पीपीओ निघाला. तो गेल्यापासून दोन वर्षं चार महिने लागले. थकबाकी त्याच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून मिळाली.

पैशाचं गणित थोडं सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. पेन्शनवर आल्यानंतर जवान गेला तर पत्नीला साधं कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के दराने मिळतं, आणि ते २०१६ पासून किमान ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता असं आहे. पण सुरुवातीला वाढीव दर असतो, ५० टक्के. तो सात वर्षं, किंवा नवरा ६७ वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. आपला मित्र ५७ व्या वर्षी गेला, म्हणजे वहिनींना पूर्ण सात वर्षांचा हक्क होता. त्यातली दोन वर्षं चार महिने त्यांनी उधारीवर काढली.

दुसरी गोष्ट जन्मतारखेची. विधवेचं वय ८० झालं की निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरीला दुप्पट. पण पीपीओत पत्नीची जन्मतारीख कोरी असेल तर ती ८० ची झाली हे यंत्राला कसं कळणार? आपल्या पंचक्रोशीत अशा तीन आज्या मला भेटल्या. एकीची ८५ ओलांडली होती आणि ८० चीही वाढ मिळालेली नव्हती. आता पेन्शन "स्पर्श" या संगणक प्रणालीवर गेलंय. जुन्या कागदावरचा एक कोरा रकाना तिथे तसाच कोरा दिसतो, आणि एक अक्षर वेगळं असलं तरी तो संगणक अडतो. लक्ष्मी आणि लक्ष्मीबाई या त्याच्या दृष्टीने दोन बायका. एका ठिकाणी तर "सौ." हेच पहिलं नाव म्हणून चढलं होतं.

मित्रांनो, सगळ्याच गोष्टी अशा सुटत नाहीत. एक न सुटलेलीही सांगतो.

आपल्या शाळेत येताना ओढ्याच्या अलीकडे एक म्हातारबाबा दिसायचे, काठी टेकत गुरं राखायचे. लहान मुलं त्यांना घाबरायची. ते फौजेत सात वर्षं होते, १९७४ ला घरी आले, हे मला फार उशिरा कळलं. आज ते नाहीत, त्यांची पत्नी ७८ वर्षांची आहे. पेन्शन कधीच नव्हतं, कारण डिस्चार्ज बुकात कारण लिहिलंय "स्वतःच्या विनंतीवरून". पण त्याच पुस्तकात मेडिकल कॅटेगरीचा रकाना आहे आणि त्यात लिहिलंय "सीईई". धडधाकट जवानाची कॅटेगरी तेव्हा "एवायई" असायची. म्हणजे एका रकान्यात माणूस आपल्या मर्जीने घरी गेला आणि दुसऱ्या रकान्यात तो आजारी होता. घरात धान्याच्या कणगीत मिलिटरी हॉस्पिटलची एक चिठ्ठी निघाली, निम्मी उंदराने खाल्लेली.

नाव आणि जन्मतारीख प्रतिज्ञापत्राने, पुराव्याने दुरुस्त होते. डिस्चार्जचं कारण तसं होत नाही. आजारपणामुळे काढलं असेल आणि तो आजार नोकरीमुळे झाला असेल तर अपंगत्व पेन्शन आणि त्यामागे कुटुंबाचे हक्क, असा सगळा डोलारा त्या एका ओळीवर उभा असतो. त्या ओळीसाठी मेडिकल बोर्डाचे कागद लागतात. आणि पेन्शन नसलेल्या जवानाचे कागद, नियमाप्रमाणे, २५ वर्षांनी नष्ट करतात. उरतो तो फक्त लाँग रोल, म्हणजे एका मोठ्या रजिस्टरात त्याच्या नावाची एक ओळ. आम्ही माहितीच्या अधिकारात मागितलं तेव्हा तेच उत्तर आलं. ते खरंही आहे आणि नियमाला धरूनही आहे.

आता प्रकरण मुंबईला सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या खंडपीठापुढे आहे. हे न्यायाधिकरण २००९ पासून सुरू झालं, त्याआधी माणसाला थेट उच्च न्यायालयात जावं लागायचं. आमच्या बाजूला एक मुद्दा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या धर्मवीर सिंग निकालात म्हटलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा निरोगी होता असं धरायचं आणि आजार नोकरीमुळे नाही हे सरकारने दाखवायचं. विरुद्ध बाजूला पन्नास वर्षांचा उशीर आहे. आणि जिंकलो तरी २००८ च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे थकबाकी साधारणपणे अर्जाच्या मागच्या तीन वर्षांचीच मिळते. आजींना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पैसं मिळू नाहीतर नको मिळू, ते आजारी होतं एवढं तरी लिव्हा म्हणावं. लोक म्हणायचं पळून आला." निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही.

एक कळकळीची सूचना. डिस्चार्ज बुकात चूक दिसली म्हणून घरी पेनाने दुरुस्त करू नका. एका घरात पोराने हुशारीने "Sinde" चं "Shinde" करून ठेवलं, वर एक एच घुसवला. आता ते पुस्तक खाडाखोड म्हणून कुणी हातात घेत नाही. चूक आहे तशी राहू द्या, दुरुस्ती रेकॉर्डमधूनच व्हायला हवी.

आपलं गाव काही अपशिंगे मिलिटरी नाही, पण आपल्या शाळेच्या वेगवेगळ्या बॅचमधले बरेच जण फौजेत होते आणि त्यातले पुष्कळ अजून हयात आहेत. जो हयात आहे त्याचं काम सोपं आहे. त्याने स्वतःच्या सहीने अर्ज केला की पत्नीच्या नावाची, जन्मतारखेची नोंद काही महिन्यांत होते, कारण आपली बायको कोण हे तो स्वतः सांगतो. त्याच्या मागे तेच सांगायला तिला हक्कसोडपत्र शोधावं लागतं. पेन्शनवर आल्यानंतर लग्न झालं असेल तरी पत्नीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय, फक्त नोंद करून घ्यावी लागते. घरात कायमचं अपंग मूल असेल तर त्याचंही नाव आईवडील असतानाच पीपीओत चढवून घ्या. त्या मुलाला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं.

जेवणानंतर मी सातवी 'अ' च्या वर्गात बसणार आहे. ज्यांनी डिस्चार्ज बुक आणि पीपीओ आणलेत त्यांनी मूळ प्रत माझ्याकडे देऊ नका, मोबाइलवर फोटो काढून आणा. पत्नीचं आधार सोबत असू द्या, आणि तिला स्वतःलाच घेऊन या, कारण माहेरचं नाव, गाव आणि शाळा तिलाच माहीत असते. ज्यांना आपल्या शाळेचा दाखला लागणार आहे त्यांची यादी मुख्याध्यापकांनी मागितली आहे. जनरल रजिस्टर पाहून दुबार दाखले सोमवारपासून द्यायला सुरुवात करतो असं त्यांनी मघाशीच सांगितलं. यादीत आतापर्यंत अकरा नावं आहेत.